नवी गिटार, मुद्दाम पाडलेले ओरखडे आणि एक खरी चीर

कुरिअरमध्ये गिटार फुटली तर क्लेम कसा करायचा हे बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. पण जी गिटार मुळातच पोचे पाडून, रंग खरवडून, स्क्रूंवर गंज चढवून विकलेली आहे ती वाटेत फुटली तर काय करायचं, याबद्दल मला कुठेच काही सापडलं नाही. जानेवारीत गिटार शोधायला सुरुवात केली आणि क्लेमचे पैसे खात्यात आले तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. मधे काय काय झालं ते क्रमाने लिहून काढतोय, लांबलंय जरा, पण ज्याच्यावर ही वेळ येईल त्याला उपयोग होईल.

रेलिक हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नवी कोरी इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आणि ती चाळीस-पन्नास वर्षं वाजवलीये असं दिसेपर्यंत तिला झिजवायची. हात जिथे बॉडीवर टेकतो तिथला रंग घासून लाकूड उघडं पाडायचं, पाठीवर बेल्टच्या बकलचे ओरखडे, ब्रिजवर (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो धातूचा भाग) गंज, प्लास्टिकला पिवळट छटा आणि रंगावर सगळीकडे केसासारखे बारीक तडे. हे तडे पाडायची युक्ती साधी आहे, नायट्रोसेल्युलोज लॅकर (गिटारवरचा पातळ लेप, थोडक्यात नायट्रो) एकदम थंड केलं की ते आकसतं, खालचं लाकूड तेवढ्या वेगाने आकसत नाही, मग लॅकर तडकतं. खऱ्या जुन्या गिटारींवर हेच काम हवामान करतं, फक्त त्याला वर्षं लागतात. पॉलिएस्टरचं फिनिश असं तडकत नाही, ते जाड आणि टणक असतं. फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीने १९६० च्या दशकाच्या शेवटी पॉलिएस्टर वापरायला सुरुवात केली, म्हणून त्यानंतरच्या कित्येक गिटारी अजून चकचकीत दिसतात आणि आदळल्या तर झिजत नाहीत, सरळ टवका उडतो.

हे काही आजचं फॅड नाही बरं का. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये झां-बातिस्त व्हियोम हा व्हायोलिन बनवणारा स्ट्रॅडिव्हरी या नावाजलेल्या जुन्या इटालियन कारागिराच्या व्हायोलिनच्या नकला करायचा आणि वार्निशवर जुनी झीजही रंगवायचा. इलेक्ट्रिक गिटारमध्ये १९९५ ला फेंडरच्या कस्टम शॉपने रेलिक या नावाने विक्री सुरू केली, पहिली काही वर्षं बॉडी आणि नेक (तारांखालचा लांब दांडा) जुने करण्याचं काम विन्स कुनेटो हा कारागीर आपल्या वर्कशॉपमध्ये करून द्यायचा. २००९ मध्ये त्यातल्या त्यात परवडणारी रोड वॉर्न मालिका आली. गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीने २०२१ मध्ये मर्फी लॅब काढली आणि तिथे तर झिजेच्या पायऱ्याच ठरवून दिल्यात, अगदी हलकी ते अगदी जबर.

मला हा प्रकार आधी हास्यास्पद वाटायचा. रोरी गॅलाघर या आयरिश गिटारवादकाने १९६१ ची स्ट्रॅट (फेंडरचं स्ट्रॅटोकास्टर मॉडेल) १९६३ मध्ये सेकंडहँड घेतली आणि आयुष्यभर वाजवली, तिचा रंग गेला तो त्याच्या घामाने आणि हाताने गेला. तसा गेलेला रंग विकत घ्यायचा म्हणजे काय? पण एका मैत्रिणीची रेलिक गिटार तासभर हातात घेऊन बसलो तेव्हा कळलं की दिसणं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट त्यात खरी आहे, नेकची पाठ. माझ्या हाताला घाम येतो आणि चकचकीत नेकवर अंगठा अडखळतो. झिजवलेल्या नेकवर लॅकर जवळपास उरलेलं नसतं, हात सरकतो. मला हवं होतं ते तेवढंच. अर्थात नेकच्या पाठीवरून बारीक पॉलिश पेपर मारला तर कुठल्याही गिटारला बराचसा तोच फील येतो आणि तो जवळजवळ फुकटात येतो, हे विक्रेता तुम्हाला सांगणार नाही, मी सांगतो.

फेब्रुवारीत एक मोठं दुकान गाठलं. एकटा गेलो असतो तर जी सगळ्यात देखणी दिसली तीच घेऊन आलो असतो हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून वाजवणाऱ्या एका मित्राला बरोबर नेलं. ही कल्पना व्हायोलिनवाल्यांकडून उचललेली. २०१० मध्ये इंडियानापोलिसला संशोधक क्लॉडिया फ्रिट्झ आणि व्हायोलिन बनवणारा जोसेफ कर्टिन यांच्या गटाने २१ व्हायोलिनवादकांना वेल्डिंगचे काळे गॉगल लावून तीन नवी आणि तीन जुनी व्हायोलिनं वाजवायला दिली, जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हरी होती. जुन्या लाकडाचा वास येऊ नये म्हणून हनुवटी टेकते तिथे अत्तराचा थेंबसुद्धा लावला होता. सगळ्यात जास्त पसंती नव्या व्हायोलिनला मिळाली आणि सगळ्यात नावडतं ठरलं ते एक स्ट्रॅडिव्हरी. त्या दर्जाच्या वादकांचं असं होत असेल तर माझ्या डोळ्यांवर मी कशाला विश्वास ठेवू?

दुकानाच्या एका कोपऱ्यात मी डोळ्यांवर मफलर बांधून बसलो, थोडी लाज वाटली, लोक बघत होते, पण बसलो. मित्र एकेक गिटार मांडीवर ठेवायचा आणि कागदावर नंबर टाकायचा. माझी अट एकच, पहिली फेरी ॲम्पशिवाय, म्हणजे ॲम्प्लिफायर न जोडता. ॲम्प लावला की सगळंच छान वाटायला लागतं. ॲम्पशिवाय एकच कॉर्ड, एकच संथ फ्रेज, मग प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी). कंटाळवाणं काम आहे पण खरं काय ते इथेच कळतं. एखादा स्वर शेजारच्या स्वरापेक्षा लवकर मरतो, बोल्ट-ऑन म्हणजे स्क्रूने बसवलेल्या नेकच्या गिटारींत बहुतेक वेळा 'जी' म्हणजे तिसऱ्या तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास. वरच्या फ्रेटवर बेंड केलं, म्हणजे तार बोटाने बाजूला ताणली की स्वर गुदमरतो का ते बघायचं. कॉर्ड वाजवून तळहात बॉडीच्या कडेला लावायचा. तार ट्यून करताना टिक असा आवाज आला तर ती नटमध्ये (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) अडकतेय.

दुसरी फेरी ॲम्पवर, पण क्लीन टोनमध्ये. व्हॉल्यूमचं बटण दहावरून सातवर आणलं की आवाज नुसता लहान होतो की मातकट होतो? पिकअपच्या (तारांचं कंपन पकडणारा चुंबकी भाग) कव्हरवर नखाने टकटक केल्यावर माइकसारखा आवाज स्पीकरमधून आला तर त्या पिकअपला जोरात वाजवताना शिट्टी मारायची सवय असणार. सिंगल कॉइल म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपमध्ये थोडी गुणगुण असतेच, ती दोष म्हणून धरू नका, पण तारांना हात लावल्यावर ती कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल तर वायरिंगमध्ये काहीतरी उलटसुलट आहे.

पट्टी सोडली तेव्हा मजा आली. भिंतीवरची सगळ्यात झिजलेली, जिच्यासमोर मी येताक्षणीच थबकलो होतो, ती माझ्या कागदावर शेवटून दुसरी होती, बेंड केलं की तिचा स्वर मरत होता. कारण पण कळलं. जुन्या गिटारींसारखा तिचा फ्रेटबोर्ड सव्वासात इंच रेडियसचा, म्हणजे चांगलाच गोलाकार, आणि वर कोणीतरी ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) अगदी खाली आणून ठेवलेली. आता हा दोष गिटारचा की सेटअपचा? सेटअपचा, ॲक्शन अर्धा मिलीमीटर वर घेतली तर बराचसा जाईल. माझ्या मते गिटार बघायला जाताना सगळ्यात महत्त्वाचं हेच वेगळं करणं आहे. ॲक्शन, नेकचा बाक, नटच्या खाचा, पिकअपची उंची, खरखरणारी बटणं हे सगळं थोड्या पैशात सुधारतं. पीळ पडलेला नेक, मेलेला स्वर, वजन आणि नेकची जाडी हे सुधारत नाही, किंवा सुधारायला गेलात तर गिटारपेक्षा खर्च जास्त. वजनासाठी प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकवाला काटा घेऊन गेलो होतो. दुकानदार आधी हसला आणि मग त्यानेच दोन गिटारी मोजून घेतल्या.

पहिल्या दोन नंबरांत एक साधी पॉलिएस्टर फिनिशची निळी गिटार होती, एकही ओरखडा नसलेली, आणि दुसरी एका छोट्या वर्कशॉपची हलकी झिजवलेली स्ट्रॅट टाइप. आवाजात दोघींमध्ये मला फारसा फरक करता आला नाही, खरं सांगायचं तर ब्रिज पिकअप निळीचा जास्त गोड होता. नायट्रो लॅकरमुळे लाकूड श्वास घेतं वगैरे जे म्हणतात ते मला तरी ऐकू आलं नाही. मी झिजवलेली निवडली ती नेकसाठी. मित्राने निळीवर डोळा ठेवला होता, त्याने ती पुढच्याच आठवड्यात उचलली.

मला आवडलेली मात्र आधीच कोणीतरी बुक केली होती. त्याच वर्कशॉपची, त्याच मापाची दुसरी एका परदेशी डीलरकडे होती. न वाजवता गिटार मागवायची म्हणजे पोटात गोळा, त्यामुळे मार्च सगळा ईमेल करण्यातच गेला. डीलरकडून मी इतक्या गोष्टी मागून घेतल्या की तो बहुतेक वैतागला असेल. काट्यावर ठेवलेल्या गिटारचा फोटो, कुठलाही इफेक्ट न लावता रेकॉर्ड केलेली क्लिप, प्रत्येक फ्रेट एकदा वाजवून. सेटअपचा तारीख घातलेला कागद. आणि फोटो, पण समोरून फ्लॅश मारलेले कॅटलॉगछाप नकोत, बाजूने तिरका उजेड पाडून काढलेले, कारण समोरच्या उजेडात पोचे दिसतच नाहीत. नेक जिथे बॉडीत बसतो त्या जागेचे चारी बाजूंनी आणि फ्रेटबोर्डचा नाकासमोरून सरळ. हे फोटो मी मागितले ते निव्वळ संशयी स्वभावामुळे. पुढे अख्खा क्लेम त्यांच्यावर उभा राहिला.

एप्रिलमध्ये ऑर्डर दिली. रेलिक मॉडेल त्याच वर्कशॉपच्या साध्या मॉडेलपेक्षा साधारण पाव पटीने महाग पडलं, सगळं काम हाताने करतात त्याचे पैसे. वाहतुकीचा विमा जाहीर किमतीच्या दीड टक्का, तो घेतला. फ्रेटबोर्ड रोझवूडचा असल्यामुळे साइटिसचं (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) काय असा प्रश्न आला. २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जिया वंशातल्या सगळ्या रोझवूडवर कागदपत्रांची सक्ती आली होती, पण २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. ब्राझिलियन रोझवूडला मात्र ही सूट नाही, ते १९९२ पासून सगळ्यात कडक यादीत आहे. त्यामुळे इन्व्हॉइसवर नुसतं 'रोझवूड' असं लिहून घेऊ नका, लाकडाचं शास्त्रीय नाव लिहून घ्या. माझ्यावर डालबर्जिया लॅटिफोलिया होतं, या बाबतीत काही अडचण आली नाही.

अडचण आली ती वेगळ्याच ठिकाणी. मे महिन्यात कस्टम्समधून पत्र आलं की इन्व्हॉइसवर 'नवीन' लिहिलंय पण माल वापरलेला दिसतोय, खुलासा करा. वापरलेल्या मालाला नियम वेगळे, शुल्काचा हिशोब वेगळा. मी फोन केला तर पलीकडच्या बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "अहो, फोटोत गंज दिसतोय." बरोबरच होतं त्यांचं! शेवटी वर्कशॉपचं प्रमाणपत्र, त्यांच्या कॅटलॉगचं पान आणि डीलरचं एका ओळीचं पत्र की हे फिनिश निर्मात्याने मुद्दाम जुनं केलेलं आहे, एवढं पाठवल्यावर बॉक्स सुटला. तोवर गोदामाचं भाडं चढलं ते वेगळंच. रेलिक मागवत असाल तर हे पत्र बॉक्सच्या बाहेरच्या पाकिटात आधीच घालायला सांगा.

जूनमध्ये एकदाची गिटार आली. बॉक्सचा एक कोपरा आत दबलेला होता. डिलिव्हरीवाल्याच्या यंत्रावर सही करण्याआधी शेऱ्याच्या रकान्यात 'कोपरा दबलेला, आत तपासलेलं नाही' असं टाइप केलं, तो घाईत होता, तरी केलं. मग केस न उघडता तशीच रात्रभर ठेवली. ट्रकमधली थंड केस उबदार खोलीत झटकन उघडली तर नायट्रोवर नवे तडे जाऊ शकतात, आणि माझ्या बाबतीत ते नवे की जुने हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. सकाळी मोबाइल स्टँडवर लावून, रेकॉर्डिंग चालू करून उघडली.

पहिल्या नजरेत सगळं ठीक. ओरखडे जिथल्या तिथे, गंज जिथल्या तिथे. वाजवायला घेतली आणि बाराव्या फ्रेटच्या वर सगळ्यात बारीक तार कडेवरून खाली घसरायला लागली. सरळ धरून बघितलं तर नेक किंचित एका बाजूला कललेला, तार कडेकडे जवळजवळ एक मिलीमीटर सरकलेली. नेक पॉकेटच्या (बॉडीतली नेक बसायची खाच) खालच्या बाजूला, जिथे लाकडाची भिंत पातळ असते, तिथे एक रेष. आता फिनिशवर अशा शेकडो रेषा, ही त्यातलीच एक की लाकडाची चीर?

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. नेक असा कलला तर स्क्रू जरा सैल करायचे, नेक हाताने जागेवर ढकलायचा आणि परत आवळायचे, हा उपाय सगळ्यांना माहीत असतो आणि हात शिवशिवतात. क्लेम करायचा असेल तर करू नका. तारासुद्धा उतरवू नका. मी फोटो काढले, केस बंद केली आणि त्याच दिवशी कुरिअर कंपनीला ईमेल टाकला, कारण आतलं नुकसान कळवायला त्यांच्याकडे फक्त सात दिवसांची मुदत होती.

क्लेमच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न, वस्तूची अवस्था, आणि पर्याय दोनच, नवीन किंवा वापरलेली. मी 'नवीन' वर खूण केली आणि शेऱ्यात लिहिलं, "नवीन, न वापरलेली, फिनिश निर्मात्याने हेतुपुरस्सर जुने केलेले, पाठवणीपूर्व फोटो जोडले आहेत, मागणी फक्त नेक पॉकेटमधील चिरेबाबत." हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, ते नसेल तर समोरच्याला वाटतं की तुम्ही सगळ्याच ओरखड्यांचे पैसे मागताय.

नुकसान तपासायला सर्व्हेअर आला तो तरुण मुलगा होता, स्वभावाने चांगला. त्याने गिटार सगळीकडून बघितली, भरपूर फोटो काढले आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, मला हे आणि हे सारखंच दिसतंय." त्याचा तरी काय दोष, सारखंच दिसावं म्हणून कोणीतरी मेहनत घेतली होती. जुलैमध्ये उत्तर आलं, क्लेम नामंजूर, झीज पूर्वीपासूनची. त्या दिवशी मला खरंच रडकुंडीला आल्यासारखं झालं, पैशांपेक्षा जास्त चीड याची की माझ्याकडे सांगायला बरोबर शब्दच नव्हते.

ते शब्द दिले गिटार दुरुस्त करणाऱ्या काकांनी. त्यांच्याकडे लेखी रिपोर्ट मागितला, त्याची फी वेगळी, आणि ती क्लेममध्ये परत मिळत नाही हे आधीच धरून चाला. काकांनी आधी भिंग लावून मला दाखवलं. वर्कशॉपने पाडलेल्या पोच्याची कड गोलसर होती, आतलं लाकूड डाग देऊन तपकिरी केलेलं, खाचेत काळपट मळ बसवलेला. आमच्या रेषेच्या कडा मात्र धारदार, लॅकरचे पापुद्रे अजून उभे आणि आत कोरं, फिकट लाकूड. मग त्यांनी कापडावर थोडा नॅफ्था (पटकन उडणारं पेट्रोलियम द्रावण) घेऊन दोन्हीकडे पुसला, नायट्रोला तो चालतो, पण ॲसिटोन किंवा स्पिरिट चुकूनही लावू नका. वरवरच्या तड्यांवरचा नॅफ्था बघता बघता उडून गेला, चिरेत मात्र तो मुरलेला राहिला आणि ओली काळी रेष बराच वेळ दिसत होती. तिसरी गोष्ट दिशेची, लॅकरचे तडे लाकडाच्या रेषांना आडवे किंवा वेडेवाकडे कसेही जातात, ही चीर पॉकेटच्या कोपऱ्यातून निघून लाकडाच्या रेषेबरोबर सरळ गेली होती.

रिपोर्टमध्ये काकांनी 'ओरखडा', 'झीज', 'जुनी' यातला एकही शब्द येऊ दिला नाही. सगळी मापं. डीलरच्या कागदावर बाराव्या फ्रेटला जाड तारेची ॲक्शन १.९ मिमी, बारीक तारेची १.६, आता २.४ आणि २.१. डीलरच्या सरळ फोटोत दोन्ही बाजूंच्या तारा कडेपासून सारख्या अंतरावर, आता एकीकडे जास्त एकीकडे कमी. पॉकेटच्या फटीत किती जाडीची फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जाते तेही. नेक कडेने हलका दाबला की ट्यूनरवर स्वर किती सेंटने (स्वराच्या उंचीचं बारीक माप) हलतो ते लिहिलं आणि व्हिडिओ जोडला. गिटार कशी दिसते हा मुद्दाच कागदावर शिल्लक ठेवला नाही.

ऑगस्टमध्ये अपील केलं, फेरतपासणीला तोच मुलगा आला. काका स्वतः हजर होते. त्याने परत फोटोसाठी मोबाइल काढला तेव्हा काका म्हणाले, "दिसण्यावर जाऊ नका साहेब, दाबून बघा." त्याने एका हाताने बॉडी धरली, दुसऱ्याने नेक कडेने दाबला, आणि चिरेचं तोंड उघडलं, सोडल्यावर मिटलं. तो "ओह" म्हणाला आणि तेच तीन-चारदा करून बघितलं. त्यानंतर त्याने फॉर्म भरायला जेमतेम दहा मिनिटं घेतली असतील. मंजुरीचं पत्र यायला तरी बरेच दिवस गेले, मधे एकदा फाइल दुसऱ्या विभागात गेलीये असं कळलं, मग बँकेचा रद्द केलेला चेक परत मागितला. शेवटी मागितलेल्या रकमेच्या साधारण सत्तर टक्के मिळाले, म्हणजे दुरुस्तीचं पूर्ण बिल आणि किंमत कमी झाल्याचा काही भाग. मी भांडलो नाही, दमलो होतो.

दुरुस्ती फेरतपासणीनंतरच सुरू केली. नेक काढला, पातळ केलेला लाकडाचा गोंद चिरेत आतपर्यंत खेचून क्लॅम्प लावला. नेक बाहेर आहेच तर ट्रस रॉड (नेकचा बाक ठरवणारी आतली सळई) पण बघून घ्या म्हटलं, कारण या जुन्या पद्धतीच्या नेकला ही सळई फिरवायचा स्क्रू बॉडीकडच्या टोकाला असतो आणि तो फिरवायला नेक काढावाच लागतो, दोन कामं एका मजुरीत झाली. रेष लपवायची की ठेवायची असं काकांनी विचारलं, मी म्हटलं लपवा, उघड्या लाकडात घाम जातो. नायट्रोचा एक फायदा इथे दिसला, नवं लॅकर जुन्याला विरघळवून त्यात मिसळून जातं, पॉलिएस्टरवर असं होत नाही, तिथे ठिगळ दिसतंच. मात्र ते पूर्ण कडक व्हायला कित्येक आठवडे लागतात, तोवर त्या जागी नख लावायचं नाही. आणि स्टँडचं रबर तपासा, काही स्टँडचं रबर नायट्रोला चिकटून रंग मऊ करतं, मी स्टँडला सुती कापड गुंडाळलंय.

आता नेक पक्का बसलाय, ॲक्शन परत डीलरच्या कागदावरच्या आकड्यांवर आलीये, बेंड केलं तर स्वर मरत नाही. अंगठा सरकतो. सगळे कागद, फोटो, रिपोर्ट एका फोल्डरमध्ये ठेवलेत, पुढेमागे विकायची वेळ आली तर दुरुस्तीचा रिपोर्ट गिटारबरोबरच द्यावा लागेल, नाहीतर घेणारा ती जागा भिंगाखाली बघून भलतंच काही समजायचा. नटमधल्या तिसऱ्या तारेच्या खाचेचं काम बाकी आहे, अजून थोडी अडकते.

मित्राच्या निळीला अजूनही एक ओरखडा नाही. परवा दोन्ही गिटारी एकाच ॲम्पवर लावून वाजवल्या, ब्रिज पिकअप तिचाच चांगला आहे. विकायची झाली तर आधी मला सांग असं त्याला सांगून ठेवलंय, नेकवर पॉलिश पेपर मी माझा मारून घेईन.